विश्लेषण : झटपट स्वसंरक्षण शिकायचे तर कोणती विद्या निवडावी? लहुजी वस्तादांची तालीम काय सांगते…

परीक्षा संपल्या की धायरी फाट्यापासून आत गावठाणापर्यंत क्लासचे फलक दिसू लागतात. कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, क्राव्ह मागा, लाठीकाठी. कुठे तीन महिन्यांचा वायदा, कुठे पंधरा दिवसांच्या शिबिराचा. रात्रीच्या शिफ्टवरून परतणारी मुलगी असो की शाळकरी मुलाचे पालक, चौकशी एकच असते : लवकरात लवकर उपयोगी पडेल असे यातले काय?

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. धायरीपासून दहा-बारा किलोमीटरवर, गंज पेठेत, दोन शतकांपूर्वी एका वस्तादाने तालीम सुरू केली. तिथे येणाऱ्या तरुणांनाही घाई होती, फक्त कारणे वेगळी होती. त्या वस्तादाचे नाव लहुजी राघोजी साळवे. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके यांचे गुरू म्हणून ते ओळखले जातात. पण तालमीत ते नेमके काय शिकवत आणि त्यातले शिष्यांच्या किती कामी आले, याची चर्चा कमी होते.

लहुजी स्वतः कुठे शिकले?

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी, मातंग कुटुंबात झाला. साळवे घराण्याकडे गडाच्या रखवालीचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्यातूनच घराण्याला राऊत ही पदवी मिळाली, असे परंपरा सांगते. वडील राघोजी पेशव्यांच्या चाकरीत होते. ताकद आणि हत्यारांवरची पकड यासाठी त्यांचे नाव होते.

लहुजी घरातच शिकले. डोंगर चढणे-उतरणे, घोडा, भाला, तलवार, पट्टा हे सगळे बालपणापासून अंगात मुरत गेले. थोडक्यात, ज्या माणसाकडे पुढे लोक शिकायला आले, त्याचे स्वतःचे शिक्षण वीसेक वर्षे चालले होते. त्या काळी गडाखालच्या लढवय्या घरांत हे नवलाचे नव्हते. विद्या हा तिथे छंद नव्हता, पोटाचा धंदा होता.

१८१७ मध्ये काय घडले?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. पेशव्यांकडून बापू गोखले लढत होते. मुळा-मुठेच्या संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी जाळली गेली, पण लढाईचा निकाल पेशव्यांच्या बाजूने लागला नाही. कंपनीची फौज संख्येने कितीतरी लहान होती, तरीही ती हटली नाही. १६ नोव्हेंबरला येरवड्याजवळ पुन्हा गाठ पडली. त्या रात्री बाजीराव दुसरा पुण्यातून निघून गेला आणि १७ नोव्हेंबरला शहर कंपनीच्या ताब्यात गेले. जून १८१८ मध्ये बाजीरावाने शरणागती पत्करली.

त्या नोव्हेंबरातल्या लढाईत राघोजी साळवे मारले गेले. त्यांची समाधी वाकडेवाडीत आहे. लहुजी तेव्हा २३ वर्षांचे होते आणि तेही वडिलांच्या बरोबरीने लढत होते. इंग्रजी सत्तेविरुद्ध माणसे तयार करण्यात आयुष्य घालवायचे, असे त्यांनी त्यानंतर ठरवले. ते अविवाहित राहिले.

या पराभवात युद्धशास्त्राचा एक रोकडा हिशेब दडला आहे. पट्टा किंवा भाला चालवणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागत. कंपनीच्या शिपायाला मात्र काही महिन्यांची कवायत पुरे. बंदूक भरणे, नेम धरणे, रांग न मोडणे एवढे त्याच्या अंगवळणी पाडले जाई. एकेकटा शिपाई घोडेस्वारापुढे किरकोळ वाटेल, पण रांग टिकली की घोडदळ थांबे. लवकर शिकता येणाऱ्या साध्या गोष्टी आणि त्यांचा भरपूर सराव यांनी वर्षानुवर्षांच्या कौशल्यावर मात केली होती. हे लहुजींनी पुस्तकात वाचले नव्हते, मैदानात पाहिले होते.

तालमीत काय शिकवले जायचे?

पेशवाई बुडाल्यावर हजारो शिपाई बेकार झाले. हत्यार चालवण्यापलीकडे दुसरे काही न येणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. पुरंदरच्याच मुलुखातल्या उमाजी नाईकांनी बंड पुकारले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. लहुजींनी दुसरा मार्ग धरला. १८२२ च्या सुमारास त्यांनी पुण्यात तालीम उभी केली. गंज पेठेतली त्यांची तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

तालीम म्हणजे आधी अंग कमावणे. जोर, बैठका, लाल मातीतली कुस्ती. मग काठी, फरी-गदगा, बोथाटी, भाला, तलवार, दांडपट्टा हा जुन्या तालमींचा क्रम. यातल्या फरी-गदगा आणि बोथाटीकडे नीट पाहायला हवे. गदगा म्हणजे कातडे चढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा गोळा बांधलेला भाला. दोन्ही सरावाची साधने. समोरच्याला पूर्ण जोराने मारता यावे, पण त्याचा जीव जाऊ नये, यासाठी केलेली. हवेत हातवारे करून लढाई शिकता येत नाही, समोर उलटा वार करणारा जिवंत माणूस लागतो, हे जुन्या तालमींना पक्के ठाऊक होते.

आता दांडपट्टा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत सर्वाधिक टाळ्या त्यालाच मिळतात, त्यामुळे अनेकांना तोच शिकावासा वाटतो. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचिक असते. ते साधारण चार फुटांपर्यंत भरते. मूठ धातूच्या खोबणीत असते आणि ही खोबण कोपराजवळपर्यंत हात झाकते. म्हणजे मनगट जवळपास बांधले जाते. तलवारीचा वार मनगटाने फिरवता येतो, पट्ट्याचा नाही. तो खांदा, कंबर आणि पावलांतून काढावा लागतो. पाऊल चुकले तर लवचिक पाते उलटून चालवणाऱ्यालाच लागते. घेरलेल्या एकट्या माणसाला चहूबाजूंनी जागा मोकळी करून देणारे हे हत्यार आहे, पण त्याची किंमत काही वर्षांच्या पवित्र्यांच्या सरावात मोजावी लागते. झटपट शिकण्याच्या यादीत ते शेवटी येईल.

आणि म्हणूनच एक तपशील महत्त्वाचा ठरतो. लहुजी फक्त पट्टा शिकवत नव्हते, बंदुकीची निशाणेबाजीही शिकवत होते. खडकीत ज्या शस्त्रापुढे पराभव झाला, ते शस्त्र त्यांनी परके मानून बाजूला ठेवले नाही. जुन्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या वस्तादाने हे करणे सोपे नव्हते.

या तालमीत वेगळे काय होते?

हे समजायला मुक्ता साळवे या मुलीचा निबंध मदत करतो. मुक्ता याच साळवे घराण्यातली, फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणारी. १८५५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. बाजीरावाच्या काळात मांग किंवा महार माणूस तालीमखान्यासमोरून नुसता गेला तरी त्याचे डोके उडवले जाई आणि गुलटेकडीच्या मैदानात त्या शिराचा खेळ होई, असे तिने त्यात नोंदवले आहे.

ही नोंद वाचल्यावर लहुजींच्या तालमीचा अर्थ बदलतो. ज्या शहरात तालमीच्या दारावरून जाणे हा गुन्हा होता, त्याच शहरात काही वर्षांतच एका मांग माणसाने स्वतःची तालीम काढली आणि माळी, ब्राह्मण, रामोशी, महार, मांग अशा सगळ्या जातींची मुले त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. गुरू म्हणून त्याच्या पाया पडू लागली. स्वसंरक्षण या शब्दाचा अर्थ त्या मातीत कुस्तीपुरता उरत नव्हता. ताठ मानेने रस्त्यावरून चालता येणे हाही त्याचाच भाग होता.

फुल्यांनी तिथे काय मिळवले?

जोतीराव फुले यांचे घर गंज पेठेतच. इंग्रजी शाळेचे शिक्षण संपवून विशीत आलेले जोतीराव लहुजींकडे दांडपट्टा आणि गोळीचे निशाण मारणे शिकले. याचा उल्लेख त्यांनी स्वतः १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुलामगिरी या ग्रंथात केला आहे. इंग्रजांना हाकलून द्यावे, या तरुण वयातल्या ईर्ष्येने ते शिकत होते. पण लवकरच त्यांची दिशा बदलली. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली.

शिष्य तलवारीकडून पाटीकडे वळला, तेव्हा वस्तादाने नाराज होऊन पाठ फिरवली नाही. उलट लहुजी त्या कामाला जुंपले गेले. वेताळ पेठेत १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. मुलांना शाळेत पाठवायला घाबरणाऱ्या आई-बापांची समजूत काढायला लहुजी आणि राणबा महार वस्त्यांमध्ये फिरले. मुक्ता तीन वर्षांच्या शिक्षणात असा निबंध लिहू शकली, त्यामागे ही पायपीटही होती.

शाळेत जाता-येता सावित्रीबाईंवर शेण, चिखल, दगड फेकले जात. त्या जादा लुगडे सोबत नेत, हे आपल्याला ठाऊक आहे. वाटेत आडव्या आलेल्या एका गुंडाच्या त्यांनी सरळ थोबाडीत लगावली आणि तो पळाला, अशी आठवण सांगितली जाते. तालमीतली पोरे या काळात फुले दाम्पत्याच्या पाठीशी उभी राहिली, असेही सांगतात. म्हणजे रोजच्या छळापुढे उपयोगी पडले ते काय? सोबतीला माणसे असणे आणि घाबरून मागे न फिरणे. पट्टा कुणी काढला नाही.

१८५६ च्या सुमाराचा प्रसंग तर आणखी बोलका आहे. जोतीरावांना ठार मारण्याची सुपारी घेऊन दोन मारेकरी रात्री घरात शिरले. एक रोडे नावाचा रामोशी, दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. हजार रुपयांचे आमिष त्यांना दाखवले होते. जोतीरावांना जाग आली. ते पट्टा शिकलेले होते, अंगाने तगडे होते, पण त्यांनी झडप घातली नाही. कोण, का, कुणी पाठवले, हे विचारले. गरिबीपायी आल्याचे कळल्यावर, आपल्या मरणाने तुमचे भले होत असेल तर मारा, असे शांतपणे सांगितले. दोघे वरमले. पुढे रोडे त्यांचा रखवालदार झाला आणि धोंडिराम शिकून पंडित झाला, सत्यशोधक समाजाचे काम करू लागला.

यावर पटकन निष्कर्ष काढायचा मोह होतो, की मग तालीम वाया गेली. तसे नाही. मध्यरात्री दोन हत्यारबंद माणसे समोर दिसल्यावर ज्याचा श्वास फुलत नाही आणि आवाज कापत नाही, तोच बोलू शकतो. मातीत शेकडो वेळा आपटलेल्या माणसाला हा थंडपणा लवकर येतो.

मग आजचा क्लास कशावरून निवडायचा?

लहुजींच्या तालमीची कसोटी लावली तर पहिला प्रश्न कलेच्या नावाचा नाही, सरावाच्या पद्धतीचा आहे. क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच समोरचा माणूस खरोखर प्रतिकार करतो का? फरी-गदग्याची जागा आज हातमोजे, हेल्मेट आणि पॅड यांनी घेतली आहे. ती साधने वापरात असतील तर क्लास योग्य मार्गावर आहे. सगळा वेळ रांगेत उभे राहून हवेत ठोसे मारण्यात जात असेल, तर पट्टा रंगीत होईल, पण धक्का बसल्यावर काय करायचे ते कळणार नाही.

दोन-तीन महिनेच हातात असतील तर बॉक्सिंग, कुस्ती किंवा ज्युदो यांचा लाभ लवकर दिसतो. बॉक्सिंगमध्ये मोजके ठोसे, तोंड झाकणे आणि पाय हलवणे एवढेच पुन्हा पुन्हा घोटले जाते. कुस्ती आणि ज्युदोत पकडीतून सुटणे, तोल सांभाळणे आणि डोके न आपटता पडणे शिकवतात. ज्युदोची पद्धत जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये बसवली. जीवघेण्या डावांना फाटा देऊन पूर्ण ताकदीने सराव करता यावा, हे तिचे सूत्र आहे आणि बोथाटीमागचा विचारही तोच. तायक्वांदोच्या उंच लाथा दिसायला देखण्या असतात. २००० पासून तो ऑलिम्पिकमधला पदकाचा खेळ आहे. पण सोसायटीच्या अरुंद जिन्यात, साडीत किंवा घट्ट जीन्समध्ये ती लाथ उचलायला अवयव वर्षभर तयार करावे लागतात. कराटेचे बरेचसे शिक्षकावर अवलंबून आहे. कुमिते म्हणजे प्रत्यक्ष लढत नियमित होत असेल तर उत्तम, फक्त काता असतील तर व्यायाम म्हणून ठीक. क्राव्ह मागा मुळात कमी वेळात शिकवण्यासाठीच घडवलेली इस्रायली पद्धत. तिथेही प्रतिकाराचा सराव किती, हेच पाहायचे. आणि लाठीकाठी? अंग आणि नजर तयार करायला अप्रतिम, पण काठी रोज सोबत असणार नाही. चाकू हातात घेतलेला माणूस समोर असेल तर कुठल्याही क्लासचा प्रामाणिक शिक्षक पळा असेच सांगेल.

शिबिरांबद्दल थोडे. पंधरा दिवसांत लढणे येत नाही. पण ओरडून लोक गोळा करणे, अंतर ठेवणे, मनगट सोडवून घेणे आणि ११२ क्रमांक न चाचपडता लावणे एवढे नक्की जमते. बहुतेक प्रसंगांत हेच लागते. सुटका झाल्यावर मारत राहू नये, हेही तिथे शिकवायला हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा मात्र तो देत नाही.

फडक्यांचे काय झाले?

लहुजींच्या उतारवयातला सर्वांत गाजलेला शिष्य म्हणजे वासुदेव बळवंत फडके. रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणचे, पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीला. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात तालीम. आजच्या आयटीवाल्या शिष्याला हा दिनक्रम ओळखीचा वाटेल. १८७६-७७ च्या दुष्काळाने ते अस्वस्थ झाले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोश्यांना बरोबर घेऊन त्यांनी उघड बंड केले.

पट्टा, तलवार, घोडा, निशाण या सगळ्यांत ते तरबेज होते. तरी जुलै १८७९ मध्ये देवर नावडगी येथे ते पकडले गेले ते झोपेत, आजाराने आणि धावपळीने गलितगात्र झालेल्या अवस्थेत. त्यांना एडनला नेण्यात आले. तिथल्या कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते एकदा निसटलेही. तालमीतले बळ तोवर शाबूत होते. पण परक्या मुलुखात लपायला ओळखीचे एक घर नव्हते, ते पुन्हा सापडले.

बंडाच्या आदल्या वर्षी, १८७८ मध्ये, सरकारने शस्त्र कायदा आणला होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. लहुजींच्या तालमीतल्या शिक्षणापैकी निम्मे या कायद्याने रस्त्यावरून नाहीसे झाले. मागे उरली ती माती, कुस्ती आणि काठी. पुढे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये उभे राहिले, तेव्हा पट्टा आणि बोथाटी ही लढाईची हत्यारे राहिली नव्हती, शारीरिक शिक्षणाचा भाग झाली होती. मिरवणुकीतला आजचा दांडपट्टा याच वाटेने आला आहे.

फडके पकडले गेले तेव्हा लहुजी ८४ वर्षांचे होते. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ ला, एडनच्या तुरुंगात फडक्यांनी प्राण सोडला. लहुजींची समाधी संगमवाडीत आहे. ज्या संगमावरची रेसिडेन्सी १८१७ मध्ये जळताना पेशव्यांच्या सैन्याने पाहिली, तिथून ती जवळच आहे. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात.